विधान परिषदेचा प्रश्न आणि उब्बाहिका

नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर सदस्य पाठविण्यासाठी २६ जून २०२४ रोजी मतदान झाले. त्या दिवशी मत देऊन आम्ही विहारात आलो. तेथे रोज झाडलोट करून बुद्धमूर्तीपुढे फुले वाहणाऱ्या एक वृद्ध उपासिका आहेत. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. परंतु त्रिसरण-पंचशील, बुद्धपूजा, महामंगल सुत्त हे सारे त्यांना मुखोद्गत आहे, आणि आमच्या उच्चारातील चूक त्यांनी एकदोनदा दाखवूनही दिली आहे. आमच्या बोटावरची शाई पाहून त्या म्हणाल्या, "सर, मागच्याच महिन्यात आपण सगळ्यांनी मत दिलं. आता हे पुन्हा कसलं?" हे शिक्षकांच्या प्रतिनिधीसाठी आहे, असे आम्ही सांगितले. "म्हणजे शिकवणाऱ्यांचं मत वेगळं असतं?" होय. "आणि नुसतं शिकलेल्यांचं?" तेही वेगळे असते, ते आम्ही ३० जानेवारी २०२३ रोजी पदवीधर मतदारसंघात दिले होते. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

राज्याच्या विधिमंडळासाठी आमची तीन मते आणि त्यांचे एक, हा हिशेब आम्हांस त्या दिवसापर्यंत सुचला नव्हता. बाबासाहेबांचे 'एक व्यक्ती, एक मूल्य' हे सूत्र आम्ही दर १४ एप्रिलला व्यासपीठावरून सांगत आलो आहोत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्यांच्या भाषणाचा दाखला देत नाही असा आमच्यातील वक्ता विरळाच. त्यामुळे विधान परिषद ठेवावी की काढावी, ठेवावयाची तर कोणत्या रूपात, हा प्रश्न राजकारणाच्या अभ्यासकांवर सोडून देणे आम्हांस योग्य वाटत नाही. प्रस्तुत लेखात या सभागृहाचा इतिहास आपल्या चळवळीच्या बाजूने पाहावा, आणि विनयपिटकात निवडक भिक्खूंच्या लहान मंडळाविषयी जे नियम आढळतात त्यांचा या प्रश्नाशी काही संबंध पोहोचतो का, हे तपासावे, असा आमचा विचार आहे.

महाराष्ट्र विधान परिषदेचे ७८ सदस्य असतात. त्यांपैकी ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जणांना महानगरपालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांसारख्या स्थानिक संस्थांचे सदस्य निवडतात, ७ जण पदवीधरांचे व ७ जण शिक्षकांचे असतात, आणि उरलेल्या १२ जणांना राज्यपाल नामनिर्देशित करतात. सामान्य मतदाराने स्वतःच्या हाताने निवडलेला असा या ७८ मध्ये एकही नसतो. हे सभागृह विसर्जित होत नाही; दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्याचे अधिकार मात्र मर्यादित आहेत. विधानसभेने मंजूर केलेले साधे विधेयक ते प्रथम तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना अडवू शकते, धनविधेयक चौदा दिवस. शेवटचा शब्द विधानसभेचाच.

वरिष्ठ सभागृह या स्वरूपात ही परिषद मुंबई प्रांतात १९३७ साली आली. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मुंबई, मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार आणि आसाम या सहा प्रांतांना दुसरे सभागृह दिले. मुंबईच्या परिषदेत जास्तीत जास्त ३० सभासद होते: २० सर्वसाधारण, ५ मुसलमान, १ युरोपियन आणि तीन ते चार गव्हर्नरने निवडलेले. तिचा मतदार मालमत्ता, कर, पदे आणि किताब पाहून ठरविला जाई. पुणे करारानुसार त्याच कायद्याखाली मुंबईच्या १७५ सभासदांच्या विधानसभेत अस्पृश्यांसाठी १५ जागा राखीव होत्या. परिषदेत एकही नव्हती. खालच्या सभागृहात आपला प्रवेश कायद्याने मान्य करावयाचा आणि वरच्या सभागृहाचा उंबरठा मोकळा ठेवावयाचा नाही, ही रीत तेव्हापासूनची आहे. ती पुढे कशी टिकली हे यथावकाश येईलच.

आता बाबासाहेबांची भूमिका. येथे अभ्यासकास थोडे थांबावे लागते, कारण त्यांचे विचार एका दिशेने जातात आणि त्यांच्या आयुष्यातील प्रसंग दुसऱ्या दिशेने.

१९१९ साली साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांना सरकारने नेमलेला प्रतिनिधी नको, निवडलेला हवा, अशी मागणी केली. नेमलेला मनुष्य नेमणाऱ्याकडे पाहतो, ही अडचण त्यांना प्रारंभीच दिसली होती. असे असूनही डिसेंबर १९२६ मध्ये ते स्वतः मुंबई कायदे मंडळावर गव्हर्नरनियुक्त सभासद म्हणूनच गेले. दुसरा मार्गच नव्हता. मताधिकार मालमत्तेशी जोडलेला होता आणि आपल्या लोकांजवळ मालमत्ता नव्हती. फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी शपथ घेतली आणि एका महिन्यातच, २० मार्च रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या ठरावाच्या आधारे ते तळे खुले मानले गेले तो सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली याच कायदे मंडळाने संमत केला होता. नियुक्त सभासद असतानाच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनासंबंधीचे दुरुस्ती विधेयक मांडले आणि स्त्री कामगारांच्या प्रसूतिकालीन लाभाच्या विधेयकास पाठिंबा दिला. नेमणुकीने आलेला मनुष्य नेमणाऱ्याचा होतोच असे नाही, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. परंतु एका बाबासाहेबांवरून नियम बांधता येत नाही, आणि त्यांनी स्वतः तो बांधला नाही.

सायमन आयोगाच्या वेळी, १९२८ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनात नियुक्तीच्या पद्धतीस विरोध केला गेला. पुढे मे १९२९ मध्ये प्रांतिक समितीतील सहकाऱ्यांशी मतभेद झाल्याने बाबासाहेबांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला. त्यात प्रौढ मताधिकार, १४० सभासदांचे संपूर्णपणे निर्वाचित कायदे मंडळ आणि अस्पृश्यांसाठी १५ जागा यांची शिफारस आहे. प्रांतात दुसरे सभागृह असावे हे त्यांना मान्य नव्हते. स्वतः नियुक्त सभासदाच्या आसनावर बसलेला मनुष्य ते आसनच काढून टाका असे लिहून देतो, हे आम्हांस त्या अहवालातील कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक बोलके वाटते.

तरीही १९४९ साली त्यांच्याच मसुद्यात प्रांतिक वरिष्ठ सभागृह आले. संविधान सभेने हा प्रश्न त्या त्या प्रांतातील सभासदांच्या मतावर सोडला होता. मुंबई, मद्रास, पश्चिम बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार आणि पूर्व पंजाब यांनी होकार दिला. मध्य प्रांत व वऱ्हाड, आसाम आणि ओरिसा यांनी नकार दिला. चर्चेस उत्तर देताना बाबासाहेबांनी लपवाछपवी केली नाही. दुसऱ्या सभागृहाविषयी आपणास विशेष आस्था नाही, ते काही अंशी चांगले आणि काही अंशी वाईट आहे, आपण ते केवळ प्रयोग म्हणून स्वीकारीत आहोत आणि नको झाल्यास काढून टाकण्याची तरतूदही ठेवीत आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ती तरतूद म्हणजे आजचे अनुच्छेद १६९. विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करावा आणि संसदेने साधा कायदा करावा, एवढ्याने परिषद निर्माण होते किंवा नाहीशी होते. त्यास संविधानदुरुस्तीची प्रक्रिया लागत नाही.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग परिषदेशिवायच स्वतंत्र भारतात आला. विदर्भ ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता त्याने दुसरे सभागृह नाकारले होते. हैदराबाद राज्यातील मराठवाड्यासही ते नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य झाले तेव्हा नागपूर आणि औरंगाबाद या परिषदेच्या कक्षेत आले. म्हणजे दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली त्या १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मतदारास वरिष्ठ सभागृह माहीत नव्हते. त्यावाचून त्याचे काही अडले होते, असे कोणी म्हणत नाही.

आणि प्रसंगांची दुसरी बाजू. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेबांचा पराभव झाला. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही ते निवडून आले नाहीत. देशाच्या संसदेत ते ६ डिसेंबर १९५६ पर्यंत राहिले ते १९५२ साली मुंबई विधानसभेच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर पाठविले म्हणून. त्यापूर्वी संविधान सभेतही ते प्रथम बंगालमधून आणि फाळणीनंतर १९४७ साली मुंबईतून गेले ते अप्रत्यक्ष निवडणुकीनेच. कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे आमच्या नाशिकचे. दिंडोरी तालुक्यातील आंबे येथे जन्मलेला, २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिर सत्याग्रहाची धुरा वाहिलेला हा पुरुष १९३७ साली मुंबई विधानसभेवर आणि १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून आला. परंतु १९६२ ते १९६८ या काळात त्यांना संसदेत ठेवले ते राज्यसभेने. विधान परिषदेत रा. सू. गवई १९६४ पासून तीस वर्षे होते. १९६८ ते १९७८ ते उपसभापती होते आणि त्यानंतर सभापती झाले. रिपब्लिकन पक्षाचा एक बौद्ध कार्यकर्ता त्या सभागृहाच्या सर्वोच्च आसनावर बसला. साध्या बहुमताच्या निवडणुकीत विखुरलेल्या समाजाचा मनुष्य पडतो. पसंतीक्रमाच्या निवडणुकीत तो तरण्याची काही शक्यता असते. हे नाकारून परिषदेवर टीका करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

गवईंच्या आधी १९६० ते १९७८ या काळात वि. स. पागे सभापती होते. रोजगार हमी योजनेची मूळ कल्पना त्यांची. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वस्त्यांतील किती स्त्री-पुरुषांनी खडी फोडून आणि तलावांची माती वाहून पोट भरले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस या योजनेची महती सांगावयास नको. १९७७ साली तिचा कायदा झाला. निवडणुकीच्या धबडग्यापासून थोडा दूर असलेला मनुष्य वर्षानुवर्षे एका विचारास चिकटून राहतो, त्याचे हे फळ आहे. परिषदेच्या बाजूने बोलावयाचे तर हे एक उदाहरण आम्ही प्रथम पुढे ठेवू.

परंतु तिच्या घडणीतच काही दोष आहेत आणि त्यांपैकी पहिला थेट आपल्याशी संबंधित आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३३२ ने अनुसूचित जाती व जमातींसाठी जागा राखून ठेवल्या त्या विधानसभांत. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी आहेत. विधान परिषदेस हे अनुच्छेद लागू नाही. २०२३ साली संमत झालेल्या १०६ व्या संविधानदुरुस्तीने स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागांची तरतूद केली तीही लोकसभा आणि विधानसभा यांच्यापुरतीच. १९३५ च्या कायद्यातील उंबरठा असा अजून जागच्या जागी आहे.

यावर एक उत्तर दिले जाते. परिषदेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, एकल संक्रमणीय मताने होते; लहान गटास आपल्या संख्येइतका वाटा आपोआप मिळतो, मग आरक्षण कशास? हिशेब करून पाहू. आमदारांकडून ११ जागा भरावयाच्या असतील आणि २८८ जणांनी मत दिले, तर एका जागेस चोवीसहून किंचित अधिक मते लागतात. राखीव जागांवरून आलेले २९ आमदार एकत्र आले तर एक सदस्य स्वबळावर पाठवू शकतील. कागदावर हे खरे आहे. प्रत्यक्षात ते निरनिराळ्या पक्षांचे असतात, पक्षाने वाटून दिलेल्या पसंतीक्रमाने मत देतात, आणि ते तसे का देतात हे १९३२ च्या पुणे करारानंतर बाबासाहेबांनी संयुक्त मतदारसंघाविषयी जे लिहिले ते वाचलेल्यास नव्याने समजावण्याची गरज नाही.

दुसरा दोष नामनिर्देशनाचा. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतील विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांसाठी या १२ जागा आहेत. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर यांच्यासारखे कवी परिषदेत बसले, ही मराठी माणसास अभिमानाची गोष्ट आहे. पण जून २०२० मध्ये या जागा रिक्त झाल्या आणि पुढे चार वर्षांहून अधिक काळ रिक्तच राहिल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन मंत्रिमंडळाने १२ नावांची शिफारस केली. राज्यपालांनी तिच्यावर निर्णय दिला नाही. राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यावयास हवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटले. २०२२ साली सरकार बदलले आणि नव्या सरकारने जुनी यादी मागे घेतली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांची नियुक्ती झाली. कोणत्या पक्षाचे चुकले हा आमचा विषय नाही. विद्वान आणि समाजसेवक यांच्या आसनांवर चार वर्षे धूळ बसली आणि राज्यात त्याची खंत फारशी कोणास वाटली नाही, याची नोंद मात्र करावी लागते. स्थानिक संस्थांच्या जागांचेही तसेच. नाशिक महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातील बहुतेक मोठ्या संस्थांची हीच गत झाली. मत देणारे नगरसेवकच नाहीत, म्हणून नाशिकसह अनेक स्थानिक संस्था मतदारसंघांतील परिषदेच्या जागा मुदत संपल्यावर रिकाम्या राहिल्या.

तिसरा दोष पदवीधर-शिक्षक मतदारसंघांचा. त्याविषयी शेवटी बोलू, कारण त्यात आम्ही स्वतः गुंतलेलो आहोत.

आता विनयपिटकाकडे वळू. संसदीय कामकाजाचे नियम भिक्खुसंघास ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले. तेव्हापासून आपले वक्ते बौद्ध संघात लोकशाही होती असे म्हणून पुढे जातात. नियम मात्र क्वचितच उघडून पाहिले जातात. चुल्लवग्गाच्या समथक्खन्धकात अधिकरणे, म्हणजे वादाचे विषय, मिटविण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. संघापुढे चर्चा चालू असता तिला अंत राहिला नाही, कोणी काय बोलले याचा अर्थ लागेनासा झाला, तर संघाने तो वाद 'उब्बाहिके'कडे सोपवावा असा नियम आहे. उब्बाहिका म्हणजे संघातून निवडून काढलेल्या भिक्खूंचे लहान मंडळ. त्यात बसणाऱ्याच्या अंगी दहा गुण असावे लागतात: तो शीलवान व बहुश्रुत असावा, दोन्ही पातिमोक्ख त्यास तपशिलाने ठाऊक असावेत, विनयात तो अढळ असावा, वादातील दोन्ही पक्षांची समजूत पटविण्याची क्षमता त्याच्याजवळ असावी, वाद कसा उपजतो आणि कसा शमतो हे त्यास कळावे, इत्यादी. आज ज्यास विशेष ज्ञान व अनुभव म्हणतात त्याचीच ही सविस्तर कसोटी आहे.

या मंडळाचे प्रत्यक्ष काम सत्तसतिकक्खन्धकात पाहावयास मिळते. महापरिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वेसालीच्या वज्जिपुत्तक भिक्खूंनी दहा गोष्टी विहित मानल्या. उपासकांकडून सोने-चांदी स्वीकारणे ही त्यांतील एक. यस काकण्डकपुत्त या एकट्या भिक्खूने विरोध केला. त्यास वाटा देऊ केला गेला, त्याने तो नाकारला, मग त्याच्यावरच दंडकर्म लादले गेले. तो कोसंबीस गेला, त्याने पश्चिमेकडील भिक्खू जमविले, आणि शेवटी सातशे भिक्खू वेसालीत एकत्र आले. चर्चेस सुरुवात होताच तिला अंत राहिला नाही. तेव्हा रेवत स्थविरांनी संघापुढे ञत्ति, म्हणजे प्रस्ताव, मांडला आणि संघाने आठ भिक्खू निवडले. पूर्वेकडील चार: सब्बकामी, साळ्ह, खुज्जसोभित, वासभगामिक. पश्चिमेकडील चार: रेवत, सम्भूत साणवासी, यस आणि सुमन. वाद जिंकण्याची शक्यता कोणाची अधिक हे न पाहता दोन्ही बाजूंस समान आसने दिली गेली. हे मंडळ वालिकाराम या शांत स्थळी बसले. अजित नावाचा अवघ्या दहा वर्षांच्या उपसंपदेचा भिक्खू त्यांची आसने मांडण्यासाठी संघाने नेमला, हेही संगीतिकारांनी टिपून ठेवले आहे. रेवतांनी एकेक मुद्दा विचारला, वयाने सर्वांत ज्येष्ठ अशा सब्बकामींनी एकेकाचे उत्तर दिले, आणि दहाही गोष्टी अविहित ठरल्या.

त्यानंतर सब्बकामी रेवतांस म्हणतात की, हे दहाही प्रश्न मला पुन्हा संघाच्या मध्ये विचारा, म्हणजे त्या भिक्खूंची खात्री पटेल. तसेच झाले. आठ थोर स्थविरांनी एकांतात दिलेला निर्णय सातशेंपुढे पुन्हा प्रश्नोत्तररूपाने मांडला गेला.

समथक्खन्धकातील आणखी दोन नियम यास जोडून वाचावयास हवेत. मंडळातील एखादा वक्ता सुत्त न जाणता शब्दच्छल करून अर्थ झाकू लागला तर प्रस्ताव करून त्यास उठविता येते. आणि उब्बाहिकेस वाद मिटविता आला नाही तर तिने तो संघास परत करावा. मग संघ 'येभुय्यसिका', म्हणजे बहुमताने, निर्णय करतो. त्यासाठी मतशलाका गोळा करणारा सलाकग्गाहापक संघच निवडतो. तो लोभ, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा लागतो. शलाका घेण्याच्या तीन पद्धतीही तेथे आहेत: गूळ्हक म्हणजे गुप्त, सकण्णजप्पक म्हणजे कानात सांगून, आणि विवटक म्हणजे उघड. गंमत अशी की, आज आमदार विधान परिषदेसाठी मत देतात ते गूळ्हक पद्धतीने, आणि राज्यसभेसाठी देतात ते २००३ पासून विवटक पद्धतीने.

साम्य येथेच थांबविले पाहिजे. संघ हा प्रव्रजितांचा समूह होता, त्यात ज्येष्ठता वर्षावासांनी मोजली जाई, आणि गूळ्हक पद्धतीत अधर्मवादी अधिक दिसले तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून मतदान रद्द करण्याची मुभा सलाकग्गाहापकास दिलेली आहे. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याने असे केले तर आपण न्यायालयात जाऊ. सबब विनयातून संविधान जसेच्या तसे निघते असे आम्ही म्हणत नाही. परंतु लहान मंडळास मोठ्या समूहाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोठून येतो, या प्रश्नाचे जे उत्तर तेथे आहे ते स्पष्ट आहे. सर्वांनी प्रस्ताव ऐकून निवड केली पाहिजे, निवडीची कसोटी आधी जाहीर असली पाहिजे, वादातील दोन्ही पक्षांस आसन मिळाले पाहिजे, आणि निर्णय सर्वांच्या मध्ये पुन्हा सांगितला गेला पाहिजे. मंडळाचा सभासद सर्वांनी प्रत्यक्ष मत देऊन निवडला नाही एवढ्याने ते दूषित होत नाही. कसोटी गुप्त राहिली आणि एका पक्षास आसनच नसले, तर ते दूषित होते.

नामनिर्देशनास हे लावून पाहा. त्रिरश्मी पर्वतावरील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने संघास अक्षयनीवी म्हणून ३००० कार्षापण दिले. त्यांपैकी २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. हे सारे निगमसभेत ऐकविले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविले, असे तो लेख सांगतो. राजाच्या जावयाने आपल्या खाजगी दानाचा हिशेब इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात नाशिकच्या नगरसभेस ऐकविला. विधान परिषदेवर नेमलेल्या मनुष्याचे विशेष ज्ञान कोणते, त्याने काय लिहिले, कोणाची सेवा केली, हे कारणांसह प्रसिद्ध करण्याचे बंधन मात्र आज कोणावर नाही. असे बंधन घालावे आणि शिफारशीवर निर्णयाची मुदत कायद्यात लिहावी, असे आमचे मत आहे. न्यायालयाच्या 'वाजवी वेळेत' या शब्दांवर पुन्हा चार वर्षे काढण्यात अर्थ नाही.

आमदार आणि स्थानिक संस्था यांच्याकडून भरावयाच्या ५२ जागांत अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांना राखीव वाटा हवा. संक्रमणीय मताच्या पद्धतीत आरक्षण बसवावे कसे, ही मतमोजणीच्या नियमांची अडचण आहे. ती सोडविण्याजोगी आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट स्थानिक संस्थांच्या मतदारांची. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या सदस्यांना विधान परिषदेसाठी मत नाही. शेजारच्या कर्नाटकात ते आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा त्याखेरीज संविधानानेच दिलेल्या आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर येथील आदिवासी पंचायत सदस्याच्या हाती हे मत गेले, तर मूठभर नगरसेवकांच्या मतांभोवती होणाऱ्या सौद्यांचा भावही उतरेल, असा आमचा कयास आहे.

परिषद काढूनच टाकावी असे म्हणणारेही आपल्यात आहेत आणि त्यांस बाबासाहेबांच्या १९२९ च्या अहवालाचा आधार आहे. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, पंजाबने १९७० मध्ये आणि तामिळनाडूने १९८६ मध्ये आपापल्या परिषदा विसर्जित केल्या. आंध्रने १९८५ मध्ये काढली, २००७ मध्ये पुन्हा आणली, २०२० मध्ये काढण्याचा ठराव केला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला. ही उलटसुलट पाहिली म्हणजे कळते की, ठेवणाऱ्यांस आणि काढणाऱ्यांस तत्त्वापेक्षा त्या क्षणीचे बहुमत अधिक प्रिय होते. आज सहा राज्यांत परिषद आहे. ज्या इंग्लंडकडून ही कल्पना आली तेथे १९११ आणि १९४९ च्या कायद्यांनी लॉर्डांच्या सभेचा अडथळा केवळ विलंबापुरता ठेवला आणि १९९९ साली वंशपरंपरागत लॉर्डांपैकी ९२ सोडून बाकी सर्वांस घरी पाठविले. सभा मात्र राहिली. सुधारणा करून पाहावी, एका पिढीत ती झाली नाही तर अनुच्छेद १६९ आहेच, अशा मताचे आम्ही आहोत.

राहिला पदवीधरांचा आणि शिक्षकांचा मतदारसंघ. १९५१ साली देशात साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. त्या काळी शिकलेल्यांस स्वतंत्र आवाज देण्यामागे काही विचार असेल. परंतु तेव्हाचा पदवीधर कोणत्या जातींचा होता, हेही सांगून टाकू. मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेली आपली पहिली पिढी या मतदारसंघात नाव नोंदवू शकली तेव्हा तिला ती प्रतिष्ठा वाटली. आम्हांसही वाटली होती. पदवी मिळून तीन वर्षे झाल्यावर अठरा क्रमांकाचा अर्ज भरताना आपण कोणत्या वस्तीतून कोठे आलो याचा अभिमान आम्ही मनात बाळगला, हे कबूल केले पाहिजे. 'शिका' या आदेशाचे ते एक फळ आहे असे आम्ही समजत होतो. शिकण्याचा आदेश अधिकाराच्या समतेसाठी होता. शिकलेल्याने न शिकलेल्यापेक्षा दोन मते अधिक बाळगावीत, असा त्याचा अर्थ बाबासाहेबांच्या कोणत्याही लिखाणात आम्हांस सापडला नाही. १९१९ पासून मताधिकारास लावलेल्या मालमत्तेच्या अटीविरुद्ध ते लढले. पदवी हीही एक मालमत्ताच आहे. विभागातील असंख्य पदवीधर तर नावही नोंदवीत नाहीत, कारण दर निवडणुकीस यादी नव्याने होते आणि प्रत्येकास अर्ज नव्याने भरावा लागतो. आमच्या विहाराच्या पोटी चालणाऱ्या अभ्यासिकेतील मुला-मुलींत असे बरेच आहेत.

हे १४ सदस्यांचे मतदारसंघ रद्द व्हावेत आणि त्या जागा ग्रामपंचायतींसह स्थानिक संस्थांकडे जाव्यात, असे आमचे मत आहे. शिक्षक मित्रांस हे आवडणार नाही याची कल्पना आहे. वेतनाचे, विनाअनुदानित शाळांचे, निवृत्तिवेतनाचे प्रश्न त्यांचे आमदार सभागृहात मांडतात, हे खरे आहे. परंतु शेतमजुराचे, सफाई कामगाराचे, घरकाम करणाऱ्या बाईचे प्रश्न मांडण्यासाठी त्यांचा स्वतंत्र मतदारसंघ नाही, आणि त्यांच्या तक्रारी आमच्यापेक्षा कमी नाहीत.

नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाची मुदत २०२९ च्या प्रारंभी संपेल आणि त्याआधी यादी पुन्हा नव्याने होईल. तोवर हा मतदारसंघ राहणार असे गृहीत धरून अभ्यासिकेतील पदवीधरांनी अठरा क्रमांकाचे अर्ज अवश्य भरावेत, आम्हीही भरू. मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास विहाराच्या सभागृहात, सर्वांच्या मध्ये, एकच प्रश्न विचारावा, असे आम्ही संस्थेच्या बैठकीत सुचविले आहे: ज्या मतदारसंघातून आपण निवडून येऊ इच्छिता तो रद्द करण्याच्या ठरावास आपला पाठिंबा राहील काय? त्या सभेस ज्यांना या निवडणुकीत मत नाही अशा उपासक-उपासिकांनाही बोलवावे आणि प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारावा, ही सूचना बैठकीतील एका तरुण सभासदाची होती. ती मान्य झाली आहे.